मात्रेचा हिशेब



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते त्यांनी आपली हयात औषधांच्या दुकानात घालविली, म्हणून यंदाचा विषय औषधासंबंधी असावा अशी चालकांची इच्छा होती. त्या इच्छेचा मान राखताना नव्या औषधांच्या शोधांचे गुणगान करावे असे मला वाटेना. कारण शोधलेले, तयार केलेले, पैसे मोजून घरी आणलेले औषध म्हाताऱ्या माणसाच्या पोटात ठरल्या वेळी आणि ठरल्या प्रमाणात जाते की नाही, हा जो अगदी शेवटचा टप्पा, त्याच्याकडे जितके दुर्लक्ष झाले आहे तितके मागील कोणत्याही टप्प्याकडे झालेले नाही. या टप्प्यावर साहाय्य करण्यासाठी गेल्या साठ वर्षांत नाना यंत्रे आणि युक्त्या निघाल्या. त्यांपैकी कोणत्या उपयोगी पडतात, कोणत्या पडत नाहीत, आणि का, एवढाच आजच्या विवेचनाचा आवाका आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी, आणि या प्रत्येकाच्या ठायी कोणते चार गुण असावेत तेही तेथेच सांगितले आहे. रोग्याच्या गुणांची गणना स्मृतीपासून सुरू होते. आज्ञाधारकपणा, निर्भयता आणि आपल्या व्याधीची हकीकत यथार्थ सांगण्याची शक्ती हे गुण तिच्यामागून येतात. त्या ग्रंथकाराने स्मृतीला असा अग्रमान द्यावा, आणि आजच्या वैद्यकाने मात्र, ज्या वयात ती क्षीण होऊ लागते नेमक्या त्याच वयात माणसाच्या हाती आठ-दहा प्रकारच्या गोळ्या देऊन, उपाशीपोटी कोणती, जेवणानंतर कोणती, झोपताना कोणती हे सर्व त्याने मुखोद्गत ठेवावे अशी अपेक्षा करावी, यातील विसंगती सांगण्याची गरज नाही. स्मृतीची ही तूट पूर्वी उपस्थाता भरून काढीत असे. आजोबांची पुडी केव्हा आणि कशाच्या अनुपानाबरोबर द्यायची हे घरातील कोणत्या तरी स्त्रीला पाठ असे. ती व्यवस्था सुखाची होती असे मी म्हणत नाही. जिच्या शिरावर हा भार होता तिची संमती कोणी विचारली नव्हती, आणि ती स्वतः म्हातारी झाल्यावर तिच्या औषधाची चौकशी तितक्याच तत्परतेने होई असेही नाही. पण व्यवस्था होती. आज ती पुष्कळ घरांतून नाहीशी झाली आहे, आणि गरज मात्र वाढली आहे : २०११च्या जनगणनेत ६० वर्षे व त्यावरील भारतीयांची संख्या १० कोटींहून अधिक भरली, आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत या वयाच्या सुमारे एकतृतीयांश लोकांना रक्तदाबाचे निदान झालेले आढळले. रक्तदाबाची गोळी एकदा सुरू झाली की बहुधा जन्माची सोबत करते.

उपस्थात्याची ही रिकामी झालेली जागा यंत्राने भरावी असा आजचा प्रयत्न आहे. चरकाने उपस्थात्याचे जे चार गुण सांगितले, उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता, त्यांपैकी तीन यंत्राच्या अंगी आणता येतील असे मानण्यास माझी हरकत नाही. चौथ्याकडे पुढे येऊ.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, म्हातारा माणूस गोळी विसरतो, सबब त्याला आठवण करून दिली की काम भागले. या समजुतीपोटी बाजारात जी साधने येतात ती बहुतेक सर्व गजराची आहेत : दूरध्वनीवर वाजणारी, मनगटावर थरथरणारी, डबीच्या झाकणात लुकलुकणारी. परंतु औषध चुकते कसे, हे प्रत्यक्ष घरांतून पाहिले तर विस्मरण हा त्या दीर्घ यादीतील एक प्रकार ठरतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची असते, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाची असते. पण एकदाच काय ते उरकून टाकावे म्हणून कित्येक घरांत या सर्व गोळ्या चहाबरोबर एकाच घोटात जातात. दम्याची जी कॅप्सूल यंत्रात फोडून तिची पूड श्वासाने ओढावयाची, ती पाण्याबरोबर गिळणारे रोगी प्रत्येक डॉक्टरला भेटलेले असतात. मेथोट्रेक्झेट हे संधिवातावरील औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे आहे हे कागदावर लिहिलेले असूनही, गोळी म्हणजे रोजची, या अंगवळणी पडलेल्या समजुतीने ती दररोज घेतली जाते, आणि मग तोंडात व्रण उठतात, अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, आणि प्रसंगी माणूस दगावतो. हृदयरोगतज्ज्ञाने एका नावाने आणि घरच्या डॉक्टरने दुसऱ्या नावाने लिहिलेले औषध मुळात एकच आहे हे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही घेणारे आहेत. एस.टी.ने गावी जावयाचे, वाटेत लघवीची सोय होईल की नाही याची शाश्वती नाही, म्हणून लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी मुद्दाम टाळणाऱ्या आजीबाई आहेत. त्यांची स्मृती उत्तम आहे, आणि त्यांचा निर्णय, प्रवासाच्या दृष्टीने पाहिला तर, शहाणपणाचाच आहे. पेन्शन पुरत नाही म्हणून गोळी एक दिवसाआड घेणारे आजोबा आहेत, आणि ही गोष्ट ते मुलालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही सांगत नाहीत.

आणि उपवास. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की, त्या घेऊन माणूस जेवला नाही तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. घाम सुटतो, थरकाप होतो, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर शुद्ध हरपते. चतुर्थी, एकादशी, सोमवार आणि श्रावण पाळणाऱ्या आपल्या समाजात, आणि तितक्याच निष्ठेने रोजे पाळणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांतही, हा प्रश्न वर्षातून अनेकदा येतो. गजर मात्र आषाढी एकादशीलाही नेमका आठ वाजताच होतो. त्याला पंचांग कळत नाही, आणि ज्याने तो बनविला त्याला ते कळावे असे वाटलेले दिसत नाही.

वृद्धांचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो गजराने सुटण्याऐवजी वाढतो. गोळीची वेळ झाली हे त्यांना पुष्कळदा ठाऊक असते. नऊ वाजून गेल्यावर त्यांना जी शंका छळते ती ‘मी मघाशी गोळी घेतली का?’ ही. घेतली नसेल तर घेतली पाहिजे, आणि घेतली असेल तर पुन्हा घेता कामा नये; रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत या दोन्ही चुका प्राणावर बेतू शकतात. अशा माणसाला तगादा नको असतो, हिशेब हवा असतो. गजर हा तगादेदार आहे. वृद्धाच्या घरात खरी उणीव आहे ती रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाची.

ही रोजकीर्द लिहिण्याची एक अत्यंत साधी युक्ती आपल्याकडे एके काळी घरोघर होती. दवाखान्यात जाताना रिकामी बाटली घरून न्यावी लागे, कंपाऊंडर तीत रंगीत औषध भरी, आणि कातरीने दोन्ही कडांना दाते पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर उभी चिकटवून देई. एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत एक मात्रा. पट्टीचे बाह्य प्रयोजन मापाचे होते, पण औषध कोणत्या दात्यावर आले आहे हे पाहताक्षणीच कितीदा घेतले आणि किती राहिले हे अक्षरशत्रू माणसालाही, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या दुसऱ्या कोणालाही, कळत असे. गोळ्यांची पाकिटे आली आणि हा गुण हरपला, कारण दहा गोळ्यांच्या पाकिटातील चार संपल्या एवढ्यावरून आजची संपली की कालची राहिली याचा बोध होत नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या डेव्हिड वॅग्नर नावाच्या अभियंत्याला हाच अनुभव त्या वेळी नव्याने निघालेल्या संततिनियमनाच्या गोळीबाबत आला. पत्नीने आज गोळी घेतली की नाही याविषयी घरात रोज शंका निघू लागली, तेव्हा त्याने एका कागदावर वारांची नावे लिहून प्रत्येक वारावर एक एक गोळी मांडून ठेवली. कागद पडून गोळ्या सांडू लागल्या म्हणून पुढे वारांची फिरती चकती बनविली आणि तिचे पेटंट मिळविले. आज औषधाच्या दुकानांत मिळणारी सात खणांची डबी याच विचाराची आहे. रिकामा खण हाच तिचा पुरावा.

डबीलाही मर्यादा आहेत. रक्त गोठू न देणारे डॅबिगॅट्रान मूळ वेष्टनातून काढून ठेवले तर दमट हवेने बिघडते, आणि छातीत कळ आली असता जिभेखाली धरावयाची नायट्रोग्लिसरिनची गोळी घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीतच टिकते. कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवड्याची डबी एकदम भरून ठेवण्यापूर्वी औषधविक्रेत्याला विचारणे उत्तम.

साधनांची परीक्षा आता शास्त्रीय रीतीने झाली आहे, आणि तिचे निकाल साधने विकणाऱ्यांना रुचण्यासारखे नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ५३ हजारांहून अधिक रोग्यांची विभागणी करून काहींना वारांची डबी, काहींना दिवसागणिक सरकवावयाच्या खुणांची पट्टी, तर काहींना मागील वेळी बाटली उघडल्यापासून किती वेळ गेला हे दाखविणारे अंकयुक्त झाकण टपालाने धाडले, आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. वर्षाअखेर चारही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे रोगी ६५ वर्षांखालचे होते, म्हणून तो निकाल वृद्धांना जसाच्या तसा लागू करू नये हे खरे. परंतु रोजकीर्दीची मी आताच जी तरफदारी केली तिला या निकालाने बाध येतो हे मान्य केले पाहिजे. वही घरी पाठविली, नोंदही कदाचित झाली, पण ती उघडून पाहणारे कोणी नव्हते. याच्या जोडीला २०१५ साली प्रसिद्ध झालेला चीनमधील क्षयरोग्यांवरचा प्रयोग ठेवून पाहावा. तेथे केवळ संदेश पाठविल्याने चुकलेल्या मात्रांत लक्षणीय घट झाली नाही. पण ज्यांना उघडझापीची नोंद ठेवणारी आणि वेळेवर वाजणारी पेटी दिली, आणि ज्यांची नोंद दरमहा औषध देताना डॉक्टर पाहत असे, त्यांच्या चुकलेल्या मात्रा स्पष्टपणे घटल्या. नोंद आणि तपासनीस एकत्र आले तेव्हा काम झाले असा याचा अर्थ मी घेतो.

भारतात बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेत निघालेली ‘९९ डॉट्स’ ही युक्ती याच जातीची, आणि आपल्या देशाच्या स्वभावाला फार जुळणारी. क्षयाच्या गोळ्यांच्या पाकिटाला कागदी आवरण घालावयाचे. गोळी दाबून बाहेर काढली की आवरणाखाली दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसावयाचा. त्या क्रमांकावर रोग्याने नुसती घंटा द्यावयाची, म्हणजे मिस्ड कॉल. पैसा लागत नाही, अक्षर ओळखावे लागत नाही. मात्र मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथील रोग्यांच्या मूत्रपरीक्षेशी या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा दोहोंचा मेळ समाधानकारक बसला नाही. कित्येकांनी गोळी घेतली होती आणि घंटा दिली नव्हती, आणि काहींच्या बाबतीत नेमके उलट होते. गोळी फुटली, हाक गेली, यावरून गोळी पोटात गेली असे सिद्ध होत नाही. मग ते सिद्ध करण्याचाही यत्न झाला : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली, जठरातील रसाचा स्पर्श होताच संकेत पाठविणारा सूक्ष्म संवेदक ज्या गोळीत बसविला होता अशा एका मनोविकारावरील औषधाला अनुज्ञा दिली. तो संवेदक बनविणाऱ्या कंपनीने २०२० साली दिवाळे जाहीर केले. त्याची कारणे व्यापारी असतील. मला त्याचे दुःख झाले नाही. ज्या रोग्याला आपल्यावर कोणी नजर ठेवीत असल्याचा भ्रम होऊ शकतो, त्याच्या पोटात नजर ठेवणारे यंत्र घालावे, हा विचार ज्यांना सुचला त्यांच्या बुद्धीचे कौतुक करता येईल, विवेकाचे करता येत नाही.

आणि तपासनीस ठेवला की हटकून यश येते असेही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,५०९ अमेरिकनांपैकी काहींना नोंद घेणाऱ्या बाटल्या, नियमित घेणाऱ्यास सोडतीचे बक्षीस, आणि चुकल्यास मित्राला किंवा नातलगाला वर्दी, असा सर्व सरंजाम पुरविला, तरी त्यांच्यात आणि इतरांत फरक पडला नाही. तेव्हा प्रश्न पहारा आणखी कडक करण्याचा नसून, ज्याच्यावर पहारा बसवावयाचा ते ओझेच हलके करण्याचा आहे, असे माझे मत होत गेले आहे.

या दिशेने सर्वांत भरघोस पुरावा मिळाला तो वृद्धांवरच झालेल्या एका युरोपीय प्रयोगातून, आणि त्यात विजेवर चालणारे काहीही नव्हते. स्पेनमधील संशोधकांच्या पुढाकाराने सात देशांत, झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार वृद्धांपैकी निम्म्यांना अॅस्पिरिन, रॅमिप्रिल आणि अॅटोर्व्हास्टॅटिन ही तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये भरून दिली, आणि निम्म्यांना नेहमीप्रमाणे निरनिराळी. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला : सरासरी तीन वर्षांत एकत्र औषध घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के, आणि सुटी घेणाऱ्यांपैकी १२.७ टक्के लोकांना पुन्हा झटका, पक्षाघात, तातडीची हृदयशस्त्रक्रिया किंवा हृद्रोगाने मृत्यू यांपैकी काही ना काही भोगावे लागले. औषधे तीच, संख्या मात्र तिनाची एक झाली, आणि घेणे सोपे झाल्यामुळे ती अधिक नियमाने घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा एकत्रित गोळ्यांचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ओझे हलके करण्याचा दुसरा मार्ग नको असलेली औषधे वगळण्याचा. अमेरिकन वैद्य मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी तयार केली, आणि ती अद्याप वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या कित्येक गोळ्या तीत आहेत, कारण त्या घेऊन रात्री उठलेला म्हातारा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो. अशी गोळी वेळेवर घेण्याची आठवण करून देणारे यंत्र कितीही कुशल असले तरी ते अपायच वेळेवर घडवून आणते.

जपानने यंत्र घरात ठेवण्याऐवजी औषधाच्या दुकानात ठेवले. तेथील दुकानदार, वैद्याने तसे लिहून दिल्यास, एका वेळेला घ्यावयाच्या सर्व गोळ्या यंत्राच्या साहाय्याने एकाच पारदर्शक पुडीत बंद करून तीवर रोग्याचे नाव आणि वेळ छापून देतो. शिवाय पुष्कळांजवळ औषधांची एक वही असते, आणि कोणत्याही वैद्याने दिलेले औषध तीत चढते. १९९३ साली नागिणीवरचे एक नवे औषध कर्करोगावरील औषधाबरोबर घेतले जाऊन १५ माणसे दगावली. दोन वैद्यांनी दिलेल्या दोन औषधांची एकमेकांशी गाठ घालून देणारे कोणी नसले म्हणजे काय होते याचा तो धडा होता, आणि त्या वहीच्या प्रसाराला त्याने बळ दिले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? पाकिटावरील मजकूर इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे, आणि दुकानदाराने चार गोळ्या कातरून दिल्या की नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्यावर. १ ऑगस्ट २०२३पासून खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर संकेत छापणे सरकारने सक्तीचे केले, ही योग्य गोष्ट झाली. पण त्यातून मिळते ती नाव, निर्माता, तुकडीचा क्रमांक, मुदत, परवाना अशी माहिती. औषध अस्सल आहे की बनावट याचा निर्णय त्यावरून होईल. तोच संकेत दूरध्वनीपुढे धरताच, ही गोळी कशासाठी आहे, उपाशीपोटी घ्यावयाची की जेवून, आणि उपवासाच्या दिवशी काय करावे, हे स्पष्ट मराठीत, सावकाश, ऐकू आले तर ज्या आजीला चष्मा लावूनही काही दिसत नाही तिला त्याचा उपयोग होईल. यात तांत्रिक अडचण मला दिसत नाही. इच्छेची दिसते.

अभियंत्यांसाठी आणखी थोडे. वार्धक्यात कान प्रथम वरच्या पट्टीचे आवाज गमावतात, आणि स्वस्त उपकरणांची पिपाणी नेमकी त्याच पट्टीत वाजते. म्हणून आवाज खर्जातला असावा. डोळ्यातील भिंग पिवळसर होत गेल्याने निळ्या-हिरव्या छटांतील भेद पुसट होतो, सबब केवळ रंगावर खुणा बेतू नयेत. बोटांचे टोक कोरडे पडले की काचेच्या पडद्याला स्पर्श समजत नाही, आणि सांधे आखडलेल्या हाताला जाड पत्र्याच्या पाकिटातील गोळी दाबून काढता येत नाही.

आता राहिलेला चौथा गुण, अनुराग. आई पुण्यात किंवा साताऱ्यात, मुलगा न्यू जर्सीत, आणि दोघांमध्ये एक पेटी, जी गोळी सोडते आणि न घेतल्यास मुलाला वर्दी देते, अशी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. मुलाच्या मनात जे आहे तो अनुरागच आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु मध्यरात्री वर्दी वाचून त्याने जो दूरध्वनी केला त्यात आईच्या प्रकृतीची विचारपूस होते की जबाब घेतला जातो, यावर त्या पेटीचे बरेवाईट ठरेल. आईला विचारल्यावाचून अशी पेटी तिच्या घरात बसवू नये, वर्दी कोणाकोणाला जाईल हे तिनेच ठरवावे, आणि तिला ती नको झाली तर बंद करण्याची कळ तिच्या हाताशी असावी. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी का टाळली हे आई ज्याला सांगू शकते, त्यालाच उपस्थाता म्हणावे. आणि गोळीची वेळ डॉक्टरला विचारून बदलून घेण्याचे काम पेटीचे नव्हे, त्याचे आहे.

सभेत औषधविक्रेते बरेच आहेत असे चालकांनी मला सांगितले. त्यांना विनंती ही की, पाकीट कातरताना मुदतीचा तुकडा गिऱ्हाइकाला द्यावा, आणि कागदी पाकिटावर दोन शब्द मराठीत लिहावेत. आणि जे ज्येष्ठ श्रोते आहेत त्यांनी घरातील सर्व औषधे, चूर्णे आणि होमिओपॅथीच्या बाटल्यांसह, शेजाऱ्याने सुचविलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांसह, एका पिशवीत भरून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावीत, आणि यांतली कोणती कमी करता येतील, कोणती एकत्र करता येतील, असे सरळ विचारावे. डॉक्टर घाईत असतील, तरी विचारावे. मात्र त्यांना विचारल्यावाचून, आजच्या माझ्या बोलण्याच्या आधारावर, आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.